ठिणगी नसलेले इंजिन : जुनी डिझेल गाडी सकाळी सुरू का होत नाही?

पेट्रोल इंजिन आणि डिझेल इंजिन यांत फरक कोणता, असे विचारले तर यंत्रांची थोडीफार माहिती असलेला कोणताही विद्यार्थी सांगतो, ‘पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लग असतो, डिझेल इंजिनात नसतो.’ उत्तर बरोबर आहे आणि त्याला पूर्ण गुणही मिळतात. पण त्यापुढचा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. ठिणगी नाही, तर डिझेल पेटते कशाने? आणि ज्या दिवशी ते पेटत नाही, त्या दिवशी नेमके काय कमी पडलेले असते?

हा दुसरा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. १९८० आणि १९९० या दशकांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात डिझेलवर चालणाऱ्या जीपगाड्या मोठ्या संख्येने आल्या. त्यांतल्या काही अजूनही शेतांवर आणि वाड्यावस्त्यांवर कामात आहेत. बाजारहाट, दुधाच्या किटल्या, रात्री-अपरात्री दवाखाना, सगळे त्यांच्यावरच. अशी गाडी थंडीच्या सकाळी सुरू झाली नाही की बऱ्याचदा अंदाजाने दुरुस्ती सुरू होते. आधी नवी बॅटरी, मग नोझल, मग पंप खोलायचा. खिसा रिकामा होतो आणि शेवटी दोष सापडतो तो तांब्याच्या एखाद्या वॉशरमध्ये किंवा गंजलेल्या तारेच्या टोकाशी. घाईला आलेला कोणी हवेच्या नळीत ईथर फवारतो आणि चांगले इंजिन जायबंदी करून बसतो.

‘डिझेल इंजिनात ठिणगी नसते’ हे एक वाक्य मनापासून समजून घेतले, तर बिघाड शोधण्याची सगळी वाट त्यातूनच निघते. ती कशी, हे या लेखात पाहू.

दाबलेली हवा हीच काडी

सायकलच्या पंपाने जोरजोरात हवा भरली की पंपाचे खालचे टोक गरम होते, हा अनुभव सर्वांना आहे. थोडी उष्णता घर्षणाची असते, पण बरीचशी हवा दाबल्यामुळे आलेली असते. वायू झटकन दाबला, म्हणजे उष्णता बाहेर जायला वेळच दिला नाही, तर दाबण्यासाठी केलेले कार्य वायूच्या अंतर्गत ऊर्जेत जमा होते आणि तापमान चढते. आग्नेय आशियातील लोक पूर्वीपासून याच तत्त्वावर विस्तव करीत. एका बाजूने बंद असलेली बारीक नळी, तिच्यात घट्ट बसणारा दट्ट्या आणि दट्ट्याच्या टोकाला चिमूटभर कापसासारखा ज्वालाग्राही पदार्थ. दट्ट्यावर जोराने एक थाप मारली की कापूस पेटतो.

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९२ साली ज्या इंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्याचा गाभा हाच होता. १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे त्याचे इंजिन यशस्वीपणे चालले. तेव्हा इंधनातील सुमारे २६ टक्के ऊर्जा त्याने कामात उतरवली. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांना हे जमत नव्हते.

आता एक प्रत्यक्ष इंजिन घेऊ. महिंद्रच्या अनेक जीपगाड्यांत प्यूजो कंपनीच्या परवान्याने बनवलेले ‘एक्सडीपी ४.९०’ हे इंजिन असे. नावातला ४ म्हणजे चार सिलिंडर आणि ९० म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा मिलिमीटरमधील व्यास. चारही सिलिंडर मिळून आकारमान २११२ घन सेंटिमीटर, म्हणजे एका सिलिंडरला ५२८. अशा इंजिनात संपीडन गुणोत्तर सुमारे २२ असते. याचा अर्थ, पिस्टन वर आला की अर्ध्या लिटरहून थोडी अधिक हवा अवघ्या २५ घन सेंटिमीटर जागेत, म्हणजे पाच चहाच्या चमच्यांत मावेल एवढ्या जागेत कोंबली जाते.

किती तापेल ती? उष्णता अजिबात बाहेर गेली नाही असे धरले, तर सूत्र सोपे आहे. शेवटचे तापमान म्हणजे सुरुवातीचे तापमान गुणिले संपीडन गुणोत्तराचा ०.४ घात. तापमान मात्र केल्विनमध्ये घ्यायचे. २२ चा ०.४ घात येतो ३.४४. हवा सुरुवातीला २७ अंश सेल्सिअस, म्हणजे ३०० केल्विन असेल, तर शेवटी ती सुमारे १०३३ केल्विन, म्हणजे ७६० अंश सेल्सिअस होईल. सकाळी थंडी असून हवा ७ अंशांची असेल, तर उत्तर सुमारे ६९० अंश येते. सुरुवातीला २० अंशांचा फरक आणि शेवटी तो ७० अंशांचा झाला! थंडी इंजिनाला आपल्यापेक्षा साडेतीन पट जास्त बोचते असे म्हणायला हरकत नाही.

तरीही ६९० अंश काही कमी नाहीत. प्रयोगशाळेत तापवत नेलेले डिझेल २१० ते २५० अंशांच्या आसपास आपोआप पेट घेते. मग गाडी कुरकुर का करते? कारण दोन्ही आकडे आदर्श परिस्थितीचे आहेत. इंजिनात फवारलेल्या तुषारांना वाफ होऊन पेटायला सेकंदाचे काही हजारांश एवढाच वेळ मिळतो. तेवढ्यात काम व्हायचे तर हवा चारशे अंशांच्या वर तरी हवी. शिवाय सिलिंडरच्या भिंती थंडगार असतात. त्या हवेतील उष्णता शोषून घेतात आणि पिस्टनच्या रिंगांमधून थोडी हवा निसटतेही. ही गळती हिशेबात घेण्यासाठी सूत्रातला घात ०.४ ऐवजी ०.३ धरून पाहा. ७ अंशांच्या हवेचे उत्तर आता सुमारे ४३५ अंश येते, म्हणजे जेमतेम. घात ०.२५ धरला, म्हणजे गळती आणखी वाढली असे मानले, तर ३३३ अंश. या तापमानाला डिझेलचा नुसता धूर होतो, जाळ होत नाही.

हे गणित अकरावी-बारावीच्या मुलांना गणकयंत्रावर करून पाहायला द्यावे. डिझेल इंजिन थंडीत काठावर जगत असते हे त्यावरून चांगले कळते. तरुण इंजिन काठाच्या अलीकडे राहते, म्हातारे इंजिन पलीकडे जाते.

वेग हवा, कारण उष्णता थांबत नाही

सेल्फ मारला की चांगल्या स्थितीतले असे इंजिन मिनिटाला साधारण २०० फेरे फिरते. एका फेऱ्याला ०.३ सेकंद आणि हवा दाबण्याच्या अर्ध्या फेऱ्याला ०.१५ सेकंद लागतात. वेग निम्मा झाला तर हाच वेळ दुप्पट होतो. उष्णता भिंतीत जायला आणि हवा रिंगांमधून निसटायला दुप्पट अवधी मिळतो. म्हणून डिझेल गाडीत ‘इंजिन फिरते आहे ना?’ एवढे विचारून भागत नाही. ‘पुरेशा वेगाने फिरते आहे का?’ हे विचारावे लागते.

ज्यांनी शेतातले जुने पंपाचे इंजिन हँडल मारून सुरू केले आहे, त्यांना ही गोष्ट हातांनी माहीत आहे. अशा इंजिनाच्या डोक्यावर एक लहान दांडा असतो. तो वळवला की झडप उघडी राहते आणि हवा दाबली जात नाही. मग हँडल मारून जड चाकाला भरपूर वेग द्यायचा आणि वेग आला की दांडा सोडायचा. झडप बंद होते, चाकात साठलेली ऊर्जा एका झटक्यात हवा दाबते आणि इंजिन धडधडू लागते. दांडा फार लवकर सोडला तर चाक अडखळून थांबते.

गाडीत हे काम सेल्फची मोटर आणि बॅटरी करतात. थंडी या दोघांवरही चाल करून येते. बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते, म्हणून ती कमी प्रवाह देते. इंजिनातले तेल घट्ट होते, म्हणून फिरवायला जास्त जोर लागतो. देणारा थकतो त्याच वेळी मागणाराही वाढीव मागतो.

पण मंद फिरणाऱ्या इंजिनाचा दोष दरवेळी बॅटरीचाच असतो असे नाही. ओहमचा नियम येथे उपयोगी पडतो. सेल्फ मारताना तारांतून २५० अँपिअरसारखा प्रचंड प्रवाह वाहतो. बॅटरीची ऋण बाजू इंजिनाला जोडणाऱ्या पट्टीच्या, म्हणजे अर्थच्या, टोकाशी गंज चढून ०.०१ ओहम एवढाच रोध वाढला, तर तेथे २५० गुणिले ०.०१, म्हणजे २.५ व्होल्ट खर्च होतात. १२ व्होल्टची बॅटरी सेल्फ मारताना मुळातच १० च्या आसपास उतरलेली असते. तिचा एक चतुर्थांश भाग गंजातच गेला. हा रोध साध्या मीटरवर दिसणारही नाही, कारण मीटरच्या तारांचाच रोध त्याहून जास्त असतो. म्हणून रोध न मोजता व्होल्ट मोजायचे. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर आणि दुसरे इंजिनाच्या स्वच्छ धातूवर धरून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगावे. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसले, तर नवी बॅटरी घेण्याआधी पॉलिश पेपर घ्यावा आणि टोके घासून काढावीत.

एक सोपी चाचणी तर प्रत्येक ड्रायव्हर नकळत करीतच असतो. सेल्फने सुरू न होणारी गाडी उतारावरून धक्का दिल्यावर लगेच सुरू झाली, तर पंप, नोझल आणि डिझेल यांच्यावरचा संशय बराच कमी होतो. वेग मिळाला आणि काम झाले, म्हणजे उणीव बहुधा वेगाचीच होती.

हीटर काय करतो?

वर उल्लेख केलेल्या इंजिनात डिझेल थेट पिस्टनवर फवारले जात नाही. हेडमध्ये एक लहानशी गोल खोली असते, तिच्यात ते फवारले जाते. हवा एका अरुंद वाटेने घुसळत या खोलीत शिरते, त्यामुळे मिश्रण चांगले होते. पण त्या अरुंद वाटेत आणि खोलीच्या भिंतींत उष्णताही बरीच हरवते. म्हणून प्रत्येक खोलीत एक विजेची कांडी बसवलेली असते. पुस्तकात तिला ग्लो प्लग म्हणतात, गॅरेजमध्ये हीटर. किल्ली फिरवून पंधरा-वीस सेकंद थांबायचे, तोवर कांडीचे टोक लालभडक होते आणि तुषारांना पेटायला एक तापलेली जागा मिळते. डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या अनेक मोठ्या इंजिनांत ही कांडी नसते, त्यांना आपल्या हवामानात तिची गरजही पडत नाही.

फार जुन्या काही गाड्यांत हे चार हीटर एकसर जोडणीत असत. एक जळाला की चारही बंद. नंतरच्या गाड्यांत ते समांतर जोडणीत आले. आता एक जळाला तर त्याचाच सिलिंडर थंड राहतो. एकसर आणि समांतर जोडणी शिकवताना दिव्यांच्या माळेपलीकडचे उदाहरण हवे असेल तर हे घ्यावे. मुलांना विचारावे : गाडी सुरू होते, पण पहिले एक-दोन मिनिट लंगडत चालते, पांढरा धूर टाकते आणि मग ठीक होते. हीटरची जोडणी कोणती असेल?

हीटर तपासणे अवघड नाही. त्याची तार सोडवून मीटरने रोध पाहावा. चांगल्या हीटरचा रोध एखाद्या ओहमच्या आसपास असतो. जळालेल्याचा अनंत दिसतो. चारही हीटर चांगले असूनही तापत नसतील तर त्यांना वीज पोहोचवणारा रिले, फ्यूज किंवा तार पाहावी. येथे एक सावधगिरी. डॅशबोर्डवरचा दिवा लागला म्हणजे हीटर तापले असे समजू नये. बऱ्याच गाड्यांत तो दिवा फक्त वेळ मोजतो.

धुराची साक्ष

आता निदानाचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. सेल्फ मारत असताना सायलेन्सरमधून काय बाहेर येते?

इंजिन चांगल्या वेगाने फिरते आहे, पण धूर अजिबात नाही. याचा अर्थ डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचतच नाही. अशा वेळी हीटर बदलणे म्हणजे चुलीत लाकूड नसताना काडेपेटी बदलण्यासारखे आहे.

पांढरा, डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलचा वास येणारा धूर येतो. याचा अर्थ डिझेल पोहोचते आहे, पण पेटत नाही. तो धूर म्हणजे न जळलेल्या डिझेलचे बारीक थेंब. उणीव उष्णतेची आहे. हीटर, इंजिनाचा वेग, सिलिंडरमधील दाब किंवा डिझेल फवारण्याची वेळ, यांपैकी एकात दोष शोधावा. गाडी सुरू होऊन तापल्यावरही पांढरे लोट येत राहिले, ते झोंबत नसले आणि रेडिएटरमधले पाणी कमी होत असेल, तर ती पाण्याची वाफ आहे. तो आजार हेडच्या गॅस्केटचा असू शकतो.

काळा धूर म्हणजे डिझेल आहे, उष्णताही आहे, पण हवा अपुरी. आधी एअर फिल्टर काढून पाहावा. निळसर धूर म्हणजे इंजिनाचे तेल जळते आहे. रिंगा किंवा झडपांचे सील झिजलेले असावेत.

अशा रीतीने पाना हातात न घेता, केवळ पाहून आणि वास घेऊन, निम्म्याहून अधिक शक्यता बाद होतात. डॉक्टर रुग्णाची जीभ आणि डोळे आधी पाहतो, त्यातला हा प्रकार आहे.

धूर नाही : डिझेलची वाट शोधणे

टाकीतून निघालेले डिझेल आधी लहान फीड पंपाकडे, तेथून फिल्टरमधून मोठ्या पंपाकडे आणि शेवटी बारीक पोलादी नळ्यांतून नोझलकडे जाते. नोझल उघडायला १०० वातावरणांहून अधिक दाब लागतो. दर वेळी फवारले जाणारे डिझेल सुमारे एका थेंबाएवढेच असते.

या वाटेतला नेहमीचा शत्रू म्हणजे हवेचा बुडबुडा. डिझेल द्रव आहे, ते जवळजवळ दाबले जात नाही, म्हणून पंपाने ढकलले की दाब तत्काळ नोझलपर्यंत पोहोचतो. हवा मात्र स्प्रिंगसारखी दबते आणि पुन्हा पसरते. पंप एका थेंबाएवढे ढकलतो आणि बुडबुडा तेवढाच आकसतो. नोझलपर्यंत काहीच पोहोचत नाही. सुई काढलेल्या दोन सिरिंजा एका नळीने जोडून हे वर्गात दाखवता येते. आधी सगळे पाण्याने भरावे. एक दट्ट्या ढकलला की दुसरा लगेच सरकतो. मग मध्ये थोडी हवा सोडावी आणि दुसरा दट्ट्या बोटाने किंचित अडवून धरावा. पहिला आत जातो, दुसरा हलत नाही.

ही हवा येते कोठून? येथे एक गंमत आहे. नळीला चीर असेल तर डिझेल गळताना दिसेल, असे आपल्याला वाटते. पण टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीत इंजिन चालू असताना दाब वातावरणापेक्षा कमी असतो. पंप डिझेल ओढत असतो. त्यामुळे त्या भागातल्या बारीक चिरेतून डिझेल बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत जाते. नळी वरून कोरडी, जमिनीवर एक डाग नाही, आणि तरी गाडीने हवा धरलेली. सरबत पिण्याच्या नळीला टाचणीने वरच्या बाजूला भोक पाडून पाहा. ओढताना तोंडात हवा येते, सरबत मात्र भोकातून सांडत नाही.

रात्रभर गाडी उभी राहिली की याच चिरेतून हवा शिरते आणि नळीतले डिझेल हळूहळू टाकीत परत उतरते. सकाळी पंपाला ओढायला हवाच मिळते. दुपारी अर्धा तास थांबून सुरू केली तर गाडी पहिल्या झटक्यात सुरू होते. अशी लक्षणे असली तर फीड पंपाच्या अलीकडे थोडा वेळ पारदर्शक नळीचा तुकडा जोडून बुडबुडे दिसतात का ते मिस्त्रीकडून पाहून घ्यावे. दोष बहुधा कडक झालेली रबरी नळी, ढिला क्लिप किंवा दबलेले तांब्याचे वॉशर एवढाच असतो. फिल्टरवरचा हवा काढण्याचा स्क्रू ढिला करून हाताच्या पंपाने बुडबुडे संपेपर्यंत डिझेल काढले की गाडी सुरू होते. पण चीर तशीच राहिली तर उद्या पुन्हा तेच.

आणखी दोन साधी कारणे. काही पंपांवर विजेवर चालणारी एक लहान झडप असते. किल्ली फिरवली की ती ‘टक्’ असा आवाज करून डिझेलची वाट उघडते. आवाज येत नसेल तर तिची तार निघाली आहे का ते पाहावे. दुसरे कारण चोंदलेला फिल्टर किंवा त्यात साठलेले पाणी. थंडीने डिझेलमधले मेण गोठून फिल्टर बंद होणे हे कारण मात्र महाराष्ट्रात सहसा संभवत नाही. निफाडला पारा कधीकधी ५ अंशांखाली उतरतो, पण तो थोड्या वेळापुरता. लडाखची गोष्ट वेगळी. तेथील हिवाळ्यासाठी इंडियन ऑइलने २०१९ साली उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास डिझेल आणले.

एक धोक्याची सूचना येथेच द्यायला हवी. इंजिन फिरत असताना नोझलच्या नळीजवळ हात नेऊ नये. शंभराहून अधिक वातावरणांच्या दाबाने सुटलेली बारीक धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसते, पण शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. विद्यार्थ्यांनी पाहावे, ऐकावे, नोंद करावी. नळ्या सोडण्याचे काम जाणत्या मिस्त्रीचे.

पांढरा धूर, हीटर ठीक, वेगही ठीक

आता संशय सिलिंडरमधील दाबावर येतो. झडपा नीट बसत नसतील, टॅपेट घट्ट असतील किंवा रिंगा झिजल्या असतील तर हवा निसटते आणि वर पाहिलेल्या सूत्रातला घात खाली येतो. मिस्त्री हीटर किंवा नोझल काढून त्या जागी दाबमापक बसवतात. अशा निरोगी इंजिनात सेल्फ मारताना २५ ते ३० वातावरणे दाब दिसतो. चारही सिलिंडर सारखे असणे हेही आकड्याइतकेच महत्त्वाचे. एकच सिलिंडर कमी भरला तर त्याची झडप पाहावी, चारही कमी भरले तर इंजिनाचे वय झाले असे समजावे.

पेट्रोल इंजिनात सिलिंडरमध्ये चमचाभर तेल ओतून पुन्हा दाब मोजण्याची पद्धत आहे. दाब वाढला तर दोष रिंगांचा, कारण तेलाने रिंगांची फट बुजते. डिझेलमध्ये ही युक्ती फसवते. येथे वरची जागाच २५ घन सेंटिमीटर. त्यात ५ घन सेंटिमीटर तेल ओतले तर जागा २० उरते आणि संपीडन गुणोत्तर २२ वरून २७ च्या वर जाते. फट बुजो वा न बुजो, दाब वाढणारच! एका यंत्रावर खरी ठरलेली चाचणी दुसऱ्यावर तशीच लावू नये, याचा हा चांगला धडा आहे.

याच्या उलट एक लक्षण आहे. गाडी सकाळी गार असताना सुरू होते, पण धावून तापल्यावर बंद केली की पुन्हा सुरू होत नाही. उष्णता तर भरपूर आहे. मग? तापल्यावर डिझेल पातळ होते. फिरता पंप आतून झिजला असेल तर मंद वेगात हे पातळ डिझेल झिजेच्या फटींमधून मागे सरकते आणि नोझल उघडण्याइतका दाब तयार होत नाही. जुने ड्रायव्हर पंपावर ओले फडके ठेवतात आणि थोड्या वेळाने गाडी सुरू होते. तो टोटका नाही, श्यानतेचा प्रयोग आहे. पंप खोलण्याचा खर्च खरोखर करायचा तो या लक्षणावर.

जे करू नये

ईथरचा फवारा मारला की गाडी सुरू होते हे खरे आहे. ईथर फार कमी तापमानाला पेटते, म्हणून दुबळ्या इंजिनालाही ते चालते. पण ते पेटण्याची वेळ इंजिनाच्या हाती राहत नाही. डिझेल योग्य क्षणी फवारले जाते. ईथर मात्र हवेबरोबर आधीच आत शिरलेले असते आणि पिस्टन वर येत असतानाच भडकू शकते. वर येणाऱ्या पिस्टनवर स्फोटाचा दणका बसला की रिंगा तुटतात, पिस्टनच्या कडा फुटतात, कधी दांडा वाकतो. हीटर लाल असताना तर भडका हवेच्या नळीतच उडण्याची भीती असते. हवेच्या नळीपाशी पेटता बोळा धरणे किंवा इंजिनाखाली शेकोटी करणे हेही तितकेच जिवावरचे आहे.

क्रम महत्त्वाचा

सगळ्याचे सार पाहू. आधी कान : इंजिन जोमाने फिरते का? नसेल तर बॅटरी, तिची टोके, अर्थ, सेल्फ. मग डोळे : धूर आहे का, कोणत्या रंगाचा? धूर नसेल तर डिझेलची वाट. पांढरा असेल तर आधी हीटर, मग टॅपेट आणि फवारण्याची वेळ, शेवटी दाब. स्वस्त आणि सोपी चाचणी आधी, महाग आणि खोलाखोलीची नंतर. आणि एका वेळी एकच बदल. हीटर, फिल्टर आणि बॅटरी एकाच दिवशी बदलल्यावर गाडी सुरू झाली, तर गाडी सुरू झाली एवढेच कळते. दोष कशात होता हे कळत नाही, आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा अंदाजापासून सुरुवात होते.

प्रयोगवहीत ‘इतर सर्व घटक स्थिर ठेवून’ असे आपण लिहून घेतो, त्याचा अर्थ हाच. शाळेजवळ डिझेल गाड्यांचे एखादे गॅरेज असेल तर विद्यार्थ्यांना तेथे न्यावे. मिस्त्रीला ‘हे कसे करता?’ असे विचारण्यापेक्षा ‘हेच आधी का पाहिलेत?’ असे विचारायला सांगावे. चांगल्या मिस्त्रीच्या उत्तरात वैज्ञानिक पद्धतीचा पाठ सापडेल.

वर्गात चर्चेसाठी एक कोडे देतो. एका जुन्या जीपची टाकी मागच्या बाजूला आहे. रात्री गाडी उतारावर, तोंड खालच्या बाजूला करून उभी केली तर सकाळी लगेच सुरू होते. सपाटीवर उभी केली तर बराच वेळ सेल्फ मारूनही सुरू होत नाही आणि त्या वेळी सायलेन्सरमधून धूर येत नाही. दोष कोठे असेल? उत्तर देण्याआधी गाडीच्या मालकाला आणखी एक प्रश्न विचारणे आवश्यक आहे. तो कोणता, हेही विद्यार्थ्यांनीच शोधावे.